बिल शून्य येणार नाही, काका

आज आमच्या सेल्सच्या नव्या पोरासोबत एका बंगल्याची गच्ची मोजायला गेलो होतो. सोलर बसवणं माझ्या टीमचं काम, शब्द देणं त्याचं. काकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "बिल शून्य येईल ना?" म्हटलं झालं, आता हा 'हो' म्हणणार आणि वर्षभर फोन मला येणार. (आधीच्या साहेबांच्या कृपेने अजून येतात.)

पोरगा म्हणाला, "नाही काका. 3 किलोवॉटला रोजचे सरासरी 12 युनिट धरा, जुलैत बरेच कमी. स्थिर आकार तर भरावाच लागेल." सबसिडीचे 78,000 आधी वजा होत नाहीत, काम होऊन तपासणी झाली की खात्यात येतात, हेही सांगितलं. नेट मीटर (वीज कंपनीकडून घेतलेली आणि तिला परत दिलेली वीज मोजणारा) कधी? "ते आमच्या हातात नाही. पॅनेल कधी बसतील ते हे सर सांगतील." आणि माझ्याकडे वळला! सेल्सवाल्याने तारीख देण्याआधी मला विचारलं, असं पहिल्यांदाच घडलं.

काकांचा चेहरा जरा पडला. दुसरा कुणीतरी आठ दिवसांत सगळं देतोय म्हणे. ऑर्डर अजून आलेली नाही. टार्गेटवाले उद्या पोराला झापतील बहुतेक. त्या मीटिंगला मीही जाऊन बसणार आहे.