फुटपाथ आणि पायरी

आज दुपारी राणीच्या बागेच्या थांब्यावर काठी टेकत एक आजी पुढच्या दाराने बसमध्ये चढल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाळा, गाडी जवळ घेतलीस, म्हणून मला रस्त्यावर उतरावं लागलं नाही."

ते वाक्य दिवसभर मनातून गेले नाही.

थांब्यापुढे टॅक्सी उभी असते, डावीकडून एखादा दुचाकीवाला घुसतो, आणि अशा वेळी आरशात कडेचा दगड व चाक यांतले वीतभर अंतर पाहत, ब्रेक हलकेच दाबत गाडी फुटपाथला लावावी लागते. ते साधले नाही, तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला आधी रस्त्यावर उतरून मग उंच पायरी चढावी लागते.

बस चालवायला लागण्यापूर्वी १४ वर्षे मी कार्यालयात आकड्यांचे तक्ते केले (ते कामही मी मनापासूनच केले), पण ते कोणाच्या उपयोगी पडले, हे मला कधी दिसले नाही.

१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईची पहिली बस धावली. तेव्हापासून किती चालकांनी हे वीतभर अंतर सांभाळले असेल!

तुमच्या थांब्यावर बस फुटपाथला लागते का?