आजींचा ओटा आणि फायटरची पिल्लं

मार्चातला गुरुवार. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीचा वार, कुठे पाणी बंद तर कुठे लाइट. आमचं काम घरोघरचे फिश टँक सांभाळायचं, त्यामुळे त्या दिवशी फोनही जास्त. बहुतेक वेळा पंप बंद पडलेला असतो आणि मासे वर येऊन तोंड उघडत असतात. पण सदाशिव पेठेतल्या एका कॉलेजच्या मुलाची अडचण निराळी होती. त्याने फायटर माशांची जोडी लावली होती, पिल्लं कालपासून पोहायला लागली होती आणि घरात त्यांच्या खाण्याचा पत्ता नव्हता.

"आर्टेमिया लावलाय ना?"

"लावलाय दादा, पण सकाळपासून लाइट नाही. सगळी अंडी तळाशी बसलीत."

आर्टेमिया म्हणजे कोळंबीच्या जातीचे इवलेसे जीव, माशांच्या पिल्लांचं खाणं. त्यांच्या अंड्यांना मिठाचं पाणी, उजेड आणि खालून सतत हवा लागते. हे सगळं मिळालं तर साधारण २४ तासांत पिल्लं निघतात. हवा थांबली की बाटलीला वास तेवढा सुटतो. फायटरची पिल्लं काही तोवर थांबत नाहीत. अंडी एक-दोन दिवसांत फुटतात, मग दोन-तीन दिवस ती फेसाच्या घरट्याला लटकून पोटातल्या बलकावर निभावतात. आडवी पोहायला लागली की भूक लागलीच म्हणून समजा. त्यांना खाणं हलणारं लागतं. पावडर नाकासमोरून गेली तरी ढुंकून बघत नाहीत.

दुकानातला मायक्रोवर्मचा, म्हणजे पिल्लांना खायला लागणाऱ्या बारीक जिवंत अळ्यांचा, एक डबा पिशवीत टाकला आणि म्हात्रे पुलावरून स्कूटर काढली.

दार आजींनी उघडलं. डबा बघून म्हणाल्या, "काय आणलंत? पेज?" दिसायला पेजच असते. ओट्स घट्ट शिजवून गार करायचे, वर चिमूटभर यीस्ट भुरभुरायचं आणि जुन्या डब्यातलं चमचाभर त्यात घालायचं. तीन-चार दिवसांत डब्याच्या भिंतीवर ओलसर जाळी चढते. नीट पाहिलं तर ती जाळी वळवळत असते. एकेक अळी मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांब आणि केसासारखी बारीक. या अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात, म्हणून डबा एवढ्या झपाट्याने भरतो.

"म्हणजे किडे! माझ्या ओट्यावर नकोत हं." नातू मध्ये पडला, "आजी, माशांचं जेवण आहे ते." आजींनी डबा हातात घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "आंबूस आहे, पण चांगला आंबलाय. नासला असता तर नाकाला झोंबला असता." मी बघतच राहिलो. डबा चांगला की गेलेला, हे आम्हीही नाकानेच ओळखतो. नवी पोरं मला त्यासाठी पट्टी, मीटर असलं काहीबाही विचारतात.

आता मुद्दा पाण्याचा. मायक्रोवर्म पाण्यात पडले की तळाला जातात आणि फायटरची पिल्लं वरच असतात. टबात वीतभर पाणी होतं. बारीक नळीने ते चार बोटांवर आणलं, नळीच्या तोंडाला फडकं बांधून, नाहीतर पिल्लंच ओढली जातात. पिल्लं राखायचं नराचं काम संपलं होतं, तो वेगळ्या भांड्यात गेला. मग इयरबड डब्याच्या भिंतीवरून फिरवला, टबातल्याच पाण्याच्या वाटीत बुडवला, आणि ते दुधट पाणी ड्रॉपरने थेंब-थेंब सोडलं.

नातवाने मोबाइलचा टॉर्च धरला. पापणीच्या केसाएवढं एक पिल्लू अळीसमोर थबकलं, शरीर इंग्रजी एससारखं वाकवलं आणि झटक्यात गिळलं. थोड्या वेळाने त्या पारदर्शक पोटांत पांढरे ठिपके दिसायला लागले. आजी चष्मा पुसून परत वाकल्या, "अग्गोबाई, याचं पोट भरलं की!"

नातवाला ट्युबिफेक्स, म्हणजे लाल बारीक गांडुळंही हवी होती. मी नको म्हटलं. एक तर ते या पिल्लांच्या तोंडाला मोठे, वर ते वाढतात नाल्याच्या गाळात. पिल्लं मोठी झाल्यावर ग्रिंडल वर्म, म्हणजे मायक्रोवर्मपेक्षा मोठ्या पांढऱ्या अळ्या, लावू म्हणालो. त्यांना पुण्याची हवा मानवते. त्यांच्याच जातीच्या, आणखी मोठ्या व्हाइट वर्मला थंडावा लागतो, आपल्या उन्हाळ्यात ते फ्रिजशिवाय तगत नाहीत, आणि त्या घरात फ्रिजचा विषय काढायची माझी छाती नव्हती.

निघताना नातवाला नेहमीचं सांगितलं, की आधी डबा लावायचा, मगच जोडी सोडायची. त्यावर आजी त्यालाच म्हणाल्या, "आणि एकाच डब्यावर राहू नकोस. विरजण कोणी एकाच भांड्यात ठेवतं का?"

पुढे नातवाची परीक्षा आली आणि डबे आजींकडे गेले. ओट्यावर नाही, गॅलरीतल्या फळीवर. चिलटं झाली तेव्हा त्यांचा फोन आला. झाकणाला भोकं हवीत, पण वर मलमल बांधा, एवढंच सांगावं लागलं. पातळ झालेल्या डब्यात कोरडे ओट्स घालायचं त्यांनी आपणहून सुरू केलं होतं.

जूनच्या तोंडाला फोन नातवाचा नव्हता, आजींचाच होता. नर एकमेकांचे पंख फाडायला लागले होते, म्हणून नातवाने एकेकाला लोणच्याच्या बरणीत टाकलं होतं.

"सगळ्या बरण्या अडकल्यात," आजी म्हणाल्या. "कैऱ्या चिरून ठेवल्यात मी. तुम्ही आत्ता या, आणि येताना तुमची भांडी घेऊन या."