सात हिस्सेदार आणि नकाशात नसलेलं न्हाणीघर

इटलीत घर घेतलं म्हटल्यावर साताऱ्याच्या मावशीचा पहिला प्रश्न होता, "ते एक युरोवालं का गं?" नाही. सिसिलीत साम्बूका, मुस्सोमेलीसारख्या गावांनी पडकी घरं एका युरोला विकायला काढली हे खरं. पण अशा घरांसोबत बहुतेक ठिकाणी अनामत रक्कम आणि ठरावीक मुदतीत दुरुस्तीची अट येते, आणि उत्तरेत तोरीनोत (ट्यूरिन) नोकरी करून सिसिलीत गवंड्यावर लक्ष कोण ठेवणार? आम्हाला हवं होतं ते शनिवारी सकाळी निघून जेवायच्या वेळेला पोचता येईल असं. ते आस्तीजवळच्या टेकड्यांत सापडलं: विटांचं दुमजली घर, कौलारू छप्पर, मागे हेझलनटच्या झाडांचा तुकडा. घर 37,000 युरो, जमीन 4,000.

पैसे देण्याआधी आम्ही जेओमेत्रा नेमला. हा इथला खास प्राणी. थोडा सर्व्हेअर, थोडा आर्किटेक्ट, थोडा तलाठी कार्यालयात ओळख असलेला काका. त्याने चेस्टनटच्या तुळयांत स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला. दोन तुळया लोण्यासारख्या निघाल्या. मग नोंदणीतला नकाशा उघडून तो खोल्या मोजत फिरला आणि वरच्या सज्जाच्या टोकाला थांबला. तिथे न्हाणीघर होतं. नकाशात नव्हतं.

इटलीत 1 सप्टेंबर 1967 पूर्वीचं बांधकाम असेल तर परवानगीचे कागद नसले तरी खरेदीखतात तसं नमूद करून बरंच निभावतं. घर जुनंच होतं, पण न्हाणीघराच्या फरशा सत्तरच्या दशकातल्या. शिवाय 2010 पासून नकाशा आणि प्रत्यक्ष घर जुळतं असं विकणाऱ्याला खरेदीखतात सांगावं लागतं. एजंट म्हणाला, इथे सगळ्यांचंच असं असतं. जेओमेत्रा म्हणाला, सगळ्यांचं असू दे, तुम्ही घेताय ते तुमचं होईल. आम्ही त्याचं ऐकलं. न्हाणीघर नियमित करून द्यायचा खर्च आणि दंड विकणाऱ्यांचा, ही अट लेखी घातली. (एजंट इथे दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो, त्यामुळे तो नक्की कोणाच्या बाजूचा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.)

यानंतर कॉम्प्रोमेस्सो, म्हणजे आपलं साठेखत. त्यासोबत द्यायचा कापार्रा म्हणजे इसार. आपण मागे हटलो तर इसार बुडाला, विकणारा हटला तर दुप्पट परत. हे वाचून मला हायसं वाटलं, कारण विकणारे एक नव्हते, सात होते. आजोबांच्या नावचं घर, पोरं-नातवंडं वारस, त्यांतला एक अर्जेंटिनात. एके काळी पिएमोन्तेतून, म्हणजे आमच्या या भागातून, गावंच्या गावं तिकडे गेली होती. त्याचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या इटालियन वकिलातीतून यायला चार महिने लागले. भाऊबंदकी म्हणजे आपल्याकडचीच मिरास, असा माझा समज होता. दोन चुलतबहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या, म्हणून प्रत्येक निरोप दोनदा द्यावा लागे.

तेवढ्यात नोतायोने आणखी एक गाठ दाखवली. नोतायो म्हणजे आपल्या कोर्टाबाहेर शिक्का मारून देणारा नोटरी नव्हे. तो सरकारी अधिकार असलेला कायदेपंडित, मालकीची साखळी तोच तपासतो. वारसांनी वारसा कर भरला होता, पण वारसा स्वीकारल्याची नोंद केलीच नव्हती. कातास्तोत, म्हणजे घर-जमिनीच्या सरकारी नोंदवहीत, सातही नावं होती, म्हणून आम्ही निर्धास्त. पण कातास्तो मुख्यतः करासाठी. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी पक्की असं आपल्याकडेही नसतं, तसंच. वारसा स्वीकारल्याची नोंद झाल्याशिवाय नोतायोने खरेदीखताची तारीख दिली नाही.

जमिनीची भानगड वेगळीच. शेजारी स्वतः कसणारा शेतकरी असेल आणि त्याची जमीन लागून असेल, तर शेतजमिनीवर पहिला हक्क त्याचा. त्याला साठेखताची प्रत रजिस्टर्ड पत्राने पाठवायची आणि 30 दिवस थांबायचं. न कळवता उरकलं, तर व्यवहाराची नोंद झाल्यापासून वर्षभरात तो तीच किंमत देऊन जमीन आपल्याकडून घेऊ शकतो. आमचा शेजारी सत्तरीचा, ट्रॅक्टरवरून न उतरता बोलणारा. महिनाभर आम्ही त्याच्याकडे पाहून जरा जास्तच हसत होतो. एकतिसाव्या दिवशी त्याने लेखी नकार आणून दिला आणि म्हणाला, एवढ्याशा तुकड्यासाठी पोस्टात रांग लावायला लावलीत.

खरेदीवरच्या कराचा हिशेब मात्र सुखद निघाला. राहतं घर म्हणून घेतलं तर 2 टक्के, पण त्यासाठी 18 महिन्यांत त्या गावात रहिवास हलवावा लागतो. लोण्याच्या तुळयांखाली कोण राहणार? आम्ही 9 टक्के भरले. ते किमतीवर नव्हे, नोंदणीतल्या मूल्यावर: कातास्तोत घराचं धरलेलं उत्पन्न 210 युरो, गुणिले ठरलेला आकडा 126, म्हणजे 26,460, कर 2,381 युरो. शेतजमिनीवर मात्र किमतीच्या 15 टक्के, 600 युरो.

खरेदीखताच्या दिवशी नोतायोने नवऱ्याला इटालियनमध्ये एक प्रश्न विचारला. तो "सी" म्हणाला. दुसरा प्रश्न, पुन्हा "सी". तिसरा होता, तुम्हाला भाषा कळत नाही ना? "सी." दुभाषी आणि दोन साक्षीदार का बोलावले होते ते तेव्हा सगळ्यांना कळलं. मग अख्खं खरेदीखत मोठ्याने वाचलं गेलं, दोन भाषांत. न बोलणाऱ्या बहिणी टेबलाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. न्हाणीघराचं वाक्य आलं तेव्हा दोघी एकदम हसल्या. ते त्यांच्या काकाने एका उन्हाळ्यात, कोणालाही न विचारता बांधलं होतं.

छपराचं काम अजून अर्धं आहे. हेझलनट शेजारीच गोळा करतो, ऑगस्टमध्ये, आणि एक पोतं आमच्या दाराशी ठेवून जातो.