डीओचा निबंध: आज वाचलेल्या मसुद्यांवरून

आज दिवसभर अमेरिकेतल्या डीओ (ऑस्टिओपॅथिक वैद्यकाची पदवी) कॉलेजांच्या अर्जांचे मसुदे वाचले. बहुतेकांत एमडीसाठी (तिथली डॉक्टरकीची दुसरी, नेहमीची पदवी) लिहिलेलाच निबंध, शेवटी ऑस्टिओपॅथी सुरू झाली ते १८७४ साल आणि तिचा जनक अँड्र्यू स्टिल चिकटवलेले. अहो, तो इतिहास निवड समितीला तोंडपाठ असतो! 'शरीर, मन, आत्मा' हे ऑस्टिओपॅथीचं सूत्रही नुसतं घोकू नका. डीओ डॉक्टरांसोबत बसून काय पाहिलं ते लिहा: कंबरदुखीचा रुग्ण हाताने तपासताना त्यांनी त्याच्या कामाबद्दल, झोपेबद्दल काय विचारलं, त्यावरून उपचार कसे बदलले. मर्यादा ५३०० अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. एएकोमासच्या (डीओ कॉलेजांचा सामायिक ऑनलाइन अर्ज) चौकटीत ठळक-तिरपं टिकत नाही, साधा मजकूरच टाका. अर्ज सादर केल्यावर निबंध बदलता येत नाही आणि सगळ्या कॉलेजांना तोच जातो. म्हणून एखाद्याच कॉलेजचं नाव त्यात नको, ते त्या कॉलेजच्या स्वतंत्र दुय्यम अर्जात.