तुम्ही विचारलंत म्हणून: दिंडीच्या बसमध्ये घडीची मोरी कशाला?

"ताई, वारीत कसली मोरी?" हा प्रश्न मला दिवे घाट चढताना विचारला गेलाय, फलटणच्या तळावर विचारला गेलाय आणि वारी संपल्यावर लग्नाच्या पंगतीतही. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं. पण एका ज्येष्ठ वारकऱ्यांनी चारचौघांत सुनावलं, "माऊलींच्या पादुकांना नीरेत स्नान घालतात, आणि तुमच्या बायकांना बसमध्ये शॉवर पाहिजे?" तेव्हा मी त्यांच्या पाया पडले आणि गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून सलतं, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

आमच्या दिंडीकडे शाळेची एक जुनी बस आहे. धाकट्या दिरांनी ती घेतली, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी काढून बरीचशी आसनं उतरवली. दिवसा तिच्यात वळकट्या, भांडी आणि पाय सुजलेली माणसं असतात. रात्री म्हाताऱ्या बायका झोपतात. मागच्या कोपऱ्यात मी न्हाण्याची सोय केली आहे. उघडली की मोरी, मिटली की भिंतीला चिकटलेली वीतभर जाडीची पेटी. मिटावीच लागते, कारण त्याच जागेवर रात्री दोघींची अंथरुणं पडतात. मी आयटीआयमध्ये शीट मेटलची निदेशक होते, निवृत्तीच्या पैशातून हे केलं. दिंडीच्या भिशीतला एक रुपयाही त्याला लागलेला नाही. हे आधीच सांगते, कारण "एवढ्यात किती अन्नदान झालं असतं" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो.

आणि पाणी. शॉवर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हॉटेलातली धार येते. आमचा हातात धरायचा फवारा आहे, अंगठ्याने दाबलं तरच पाणी येतं, मिनिटाला साधारण ४ लिटर. एका बाईचं न्हाणं ८ लिटरांत होतं. भरलेली बादली घेतली तर १५ ते २० लिटर जातात. टाकी २०० लिटरची, म्हणजे पंचवीस जणींची आंघोळ. तेवढं पाणी म्हणजे २०० किलो वजन, म्हणून टाकी टपावर न ठेवता बसच्या पोटाखाली दोन चाकांच्या मध्ये लावली. घाटात टपावरचं पाणी वळणावळणाला बसला एका बाजूला ओढतं. टपावरून पाणी आपोआप उतरलं असतं, पंपाचा खर्च वाचला असता, हे मला कळत नाही असं नाही.

आता तरडगाव.

त्या वर्षी लोणंद सोडल्यापासून पाऊस होता. तरडगावच्या मुक्कामाला आमच्या तंबूंसाठी काळ्या रानातली जागा मिळाली होती, पायात ढेकळं घेऊनच चालायचं. पुरुष उजाडताना टँकरखाली उभे राहतात, बायकांना त्याच्या कितीतरी आधी उठावं लागतं. अंधारच आमची भिंत. तीनच्या सुमाराला आम्ही टँकरच्या मागच्या बाजूला गेलो. चौघींनी दोन जुनी लुगडी धरली, मध्ये एक सपाट दगड, त्यावर सासूबाई बसल्या. सत्तरी ओलांडलेल्या, माहेरापासून वारीच्या घरातल्या. मी तांब्याने पाणी घालत होते.

कुठल्यातरी दिंडीचा ट्रक लवकर पुढे निघाला होता. पुढचा मुक्काम गाठून तंबू ठोकायचे असतात, त्यांचीही घाई खरी. तो मागे आला, वळला, आणि त्याचे दोन्ही दिवे सरळ आमच्यावर पडले. धुऊन धुऊन विरलेलं लुगडं उजेडात काय झाकणार? सासूबाईंची सावली त्या कापडावर उभी राहिली, खांदे, छाती, हातातला तांब्या, सगळं. पलीकडे बादल्या घेऊन माणसं उभी होती. साडी धरणाऱ्या मुलीने डोळे दिपले म्हणून त्यांवर हात घेतला, कोणीही घेतला असता, आणि त्या बाजूचं कापड खाली आलं.

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी तोंडं फिरवली, एक जण तर "माऊली, माऊली" म्हणत ट्रकपुढे धावला, दिवे विझवायला. सासूबाई दगडावरून खाली चिखलात बसल्या, गुडघे छातीशी घेऊन, डोकं खाली घालून. मी त्यांच्यावर आडवी झाले. ट्रक वळून जायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. दिवे गेल्यावर त्या उठल्या आणि चिखल धुवायलाही थांबल्या नाहीत. तेच ओलं लुगडं नेसून फलटणपर्यंत चालल्या. वाटेत अभंग म्हटले. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मला न्हायचं नाही, अंगात कसर आहे." त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. मग माझ्या लक्षात आलं की त्यांची पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच असते. पाणी प्यायलं की आडोसा शोधायला जावं लागतं, आणि आडोशावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. बरडला लघवीची जळजळ, नातेपुत्याला ताप. तिथून माझे मिस्टर त्यांना जीपने घरी घेऊन गेले. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी झालेलं, सलाइन, दवाखान्यातला मुक्काम. त्या बऱ्या झाल्या. पण पंढरपूर राहिलं. "माझी वारी चुकली" हे त्यांनी दवाखान्याच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून म्हटलं, आणि ते ऐकल्यावर मला जेवण गेलं नाही.

संसर्ग त्या पहाटेमुळे झाला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. वारीत तसेही बायकांचे हे हाल होतात. त्यानंतर त्या कधी चालत गेल्या नाहीत, कारण विचारलं तर गुडघे सांगतात. कदाचित गुडघेच असतील. त्या उजेडाबद्दल त्या आजपर्यंत बोललेल्या नाहीत, आणि मी विचारलेलं नाही. तुम्हाला सरळ कारण हवं असेल तर ते माझ्याकडे नाही. मी कार्तिकात पत्रा कापायला घेतला, एवढं खरं.

आधी मी कॅराव्हॅन बांधणाऱ्यांची कामं पाहिली. घडीचा तळ, सरकतं दार, सगळं सुबक. पण ते उभं राहून न्हाणाऱ्या आणि टॉवेल गुंडाळून बाहेर येणाऱ्या माणसासाठी आहे. आमच्या बायका बसून न्हातात, अंगावर एक वस्त्र ठेवून. आणि न्हाणं संपल्यावर खरं काम सुरू होतं: नऊवारी नेसायची. आठ मीटरच्या वरचं कापड! सासूबाईंना मी घरी घोंगडीवर उभं केलं, "नेसा नेहमीसारखं" म्हटलं आणि त्यांच्या पावलांभोवती खडूने खुणा करत गेले. निऱ्या घालताना कोपरं कुठपर्यंत जातात, काष्टा मागे खोचताना किती वाकावं लागतं, पाय किती फाकतात. साधारण ११० बाय १२० सेंटिमीटर जागा लागते. माझा तळ होता ७५ बाय ७५ चा. म्हणजे न्हाणं जमलं असतं आणि नेसायला त्या बिचाऱ्या पुन्हा बाहेरच आल्या असत्या.

म्हणून मोरी दोन भागांची झाली. ओला तळ कोपऱ्यात, आणि पडद्याची पट्टी पुढे ओढली की बसच्या मधल्या वाटेतला कोरडा तुकडाही आत येतो. पाणी बंद, पडदा पुढे, कोरड्यावर पाऊल, नेसा. लोक फवाऱ्याचं कौतुक करतात, पण माझ्या दृष्टीने सगळी मोरी त्या कोरड्या तुकड्यासाठी आहे.

तळ ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा, सव्वा मिलिमीटरला थोडा कमी, चारी कडा ५ सेंटिमीटर वर वळवलेल्या, कोपरे आर्गन वेल्डिंगने जोडलेले. तो मागच्या भिंतीवर उचलून मिटतो. घडीच्या तळाला गळती नेहमी बिजागरीशी लागते, कारण तिथे रबर लावतात आणि बस हजार खड्ड्यांतून गेली की ते रबर फाटतं. मी बिजागरी पाण्याच्या वाटेत येऊच दिली नाही. तळ स्वतः अखंड परात आहे, बिजागरी तिच्या बाहेरून, खालून. निचऱ्याची दोन भोकं बिजागरीच्या बाजूच्या दोन कोपऱ्यांत, म्हणजे तळ उचलला की उरलेलं पाणीही तिकडेच उतरतं, अंथरुणावर सांडत नाही. दोन भोकं अशासाठी की रानात बस कधी सरळ उभी राहत नाही, डावीकडे कलली तर डावं भोक ओढतं. पुढची चाकं मात्र फळीवर किंचित चढवून घ्यावी लागतात. घरच्या मोरीत असतो तसा पाणी साठणारा ट्रॅप इथे चालत नाही. रस्त्यात त्यातलं पाणी हिंदकळून जातं आणि वास बसभर पसरतो. त्याऐवजी रबराची झडप आहे. सांडपाणी खालच्या कॅनमध्ये जातं. ज्यांच्या रानात उतरतो त्यांच्या पिकात आम्ही साबण सोडत नाही.

धरायचा दांडा बसच्या पत्र्याला नाही, खांबाला आरपार बोल्टने जोडलाय. पत्रा दिसतो भक्कम, पण घसरणाऱ्या बाईचं वजन तो घेत नाही. बसायला ४५ सेंटिमीटर उंचीची घडीची बैठक आहे, तिचा पाय तळावर टेकतो. गरम पाणी बाहेरच्या बंबातून बादलीने येतं, पंप त्या बादलीतून ओढतो. बसमध्ये गॅस गिझर लावा असं मला अनेकांनी सुचवलं. बंद जागेत गॅस गिझरने कार्बन मोनॉक्साइड साठून माणसं बाथरूममध्येच गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. तो मी लावणार नाही.

पडद्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. पातळ प्लॅस्टिक पाणी सुरू झालं की आत ओढलं जाऊन अंगाला चिकटतं. जाड, गडद रेक्झिनचे दोन थर घेतले, खालच्या कडेत साखळी शिवली, खिडक्यांवर आतून ॲल्युमिनियमचा पत्रा मारला. मग एका रात्री अंगणात बसचे सगळे दिवे बंद केले, मिस्टरांना जीप समोर लावून हेडलाइट सोडायला सांगितले आणि मी आत जाऊन उभी राहिले. भाची बाहेरून बघत होती. "मामी, काही दिसत नाही," ती म्हणाली. मी तिला पुन्हा बघायला लावलं. मग आतला दिवा लावून पुन्हा. आतल्या उजेडानेही सावली पडते, हे लोक विसरतात.

आता तुमच्या बाजूचं बोलते. वारी कष्टाची असावी, हे मलाही पटतं. आळंदीपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास पायी जाणाऱ्याला सुखसोय शोधायची नसते. पहिल्यांदा आलेल्या मुलींना मीच सांगत असे, "लाज घरी ठेवून यायची, इथे सगळे माऊली." तसं सांगणारी ती बाई, म्हणजे तेव्हाची मी, खोटं बोलत नव्हती. चार-पाच दिवस चाललं की शरीराचं भान खरंच सुटतं, कोण बघतंय याचं ओझं उतरतं, आणि ते सुटणं मी अनुभवलंय. ती मला आजही विचारते, "तू त्यांना पडदा देऊन तेच हिरावून घेतलंस ना?" मी तिला म्हणते, लाज आपली आपण सोडली तर ती सुटली, ट्रकच्या दिव्याने काढून घेतली तर ती लूट. यावर तीही गप्प बसत नाही. ती म्हणते, नदीवर न्हाणाऱ्या शेकडो बायकांना कोणी लुटलं नव्हतं.

पंचवीस जणींचं पाणी आणि बायका त्याहून कितीतरी जास्त, हेही खरं. मग कोणाला? मी म्हाताऱ्यांसाठी बांधली होती. पहिल्याच वर्षी त्यांतल्या काहींनी सरळ नकार दिला, "आमचं टँकरखालीच बरं." आणि आल्या कोण, तर पाळी आलेल्या मुली. हळूच, दुसरीला पुढे करून विचारायच्या. मी त्यांचा विचारच आराखड्यात केला नव्हता. कपडा धुवायला बाजूला टेकण हवं, झाकणाचा डबा हवा, ते नंतर बसवलं. आता रांग त्यांची आधी की म्हाताऱ्यांची, यावर आमच्याच तंबूत वाद आहेत.

दीर म्हणतात, ती जागा आजाऱ्यांसाठी स्ट्रेचरला द्या. त्यांचंही चूक नाही. वाखरीच्या, म्हणजे पंढरपूरआधीच्या शेवटच्या मुक्कामाच्या आधी कोणी ना कोणी कोसळतंच, आणि त्याला मधल्या वाटेत झोपवावं लागतं. मी म्हटलं, मिटलेल्या पेटीवरच स्ट्रेचर बसेल अशा कड्या लावून देते. ते म्हणाले, मग मोरी उघडायची कशी? अजून आमचं ठरलेलं नाही.

सासूबाईंना मी दर वर्षी म्हणते, बसमध्ये बसून चला, मोरी तुमच्याच मापाची आहे. त्या म्हणतात, बसने जायचं ती वारी नव्हे. म्हणजे मला सुनावणारे ते ज्येष्ठ वारकरी आणि माझ्या सासूबाई एकाच बाजूला आहेत, हे मला दिसतं. तरीही प्रस्थानाच्या आधी पडद्याची पट्टी बदलायची आहे. गेल्या वर्षी ती मध्येच अडकत होती, आणि अर्धवट ओढलेला पडदा मला चालत नाही.