यिर्मया एकोणतीस अकरा

रविवार, ४ जानेवारी. रात्रीचे अकरा वाजून गेलेत.

नव्या वर्षासाठी चर्चमध्ये निघालेलं बायबलच्या वचनाचं कार्ड अजून पर्समध्येच आहे. घरातल्या बाकीच्यांनी आपापली वचनं फ्रिजला लावली, आरशात खोचली. माझं मी चार दिवस बाहेरच काढलेलं नाही.

ती कार्डं कापायचं काम मी अंगावर घ्यायलाच नको होतं. पाळकसाहेबांनी छापून आणलेले मोठे कागद जेवणाच्या टेबलावर पसरून दोन संध्याकाळी मी कापत बसले. एका कागदावर सोळा वचनं. कुठे मागे सूर्यास्त, कुठे कबुतर. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ प्रत्येक कागदावर दोनदा, कारण ते सगळ्यांनाच आवडतं. त्यातल्या एकावर कात्री घसरली आणि उजवी कड तिरपी गेली. म्हटलं असू दे, कुणाच्या तरी हाती जाईल.

३१ च्या रात्री उपासनेत कार्डांची परात फिरत माझ्यापुढे आली. मी डोळे मिटले. मला उत्पत्तीतलं हवं होतं, अठराव्या अध्यायातलं, परमेश्वराला काही अशक्य आहे काय, ते. ते ढिगात आहे हे मला ठाऊक होतं, मीच कापलेलं. हात घातला आणि डोळे उघडायच्या आधीच बोटांना ती तिरपी कड लागली.

संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.

देवाने माझ्यासाठी म्हणून दिलेलं वचन, आणि त्याच्या किती प्रती निघाल्या हे मी स्वतः मोजलेलं. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीलाही तेच निघालं. ती केवढी हरखली! मला मात्र घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. बाहेर मंडपात चहा घेताना मामींनी सलाम केला, कार्ड हातात घेऊन वाचलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "धीर धर गं. अब्राहामाच्या सारेला नव्वदाव्या वर्षी मुलगा झाला."

मामी वाईट बोलत नाहीत, मनापासून बोलतात. पण आम्हाला मुलाची वाट बघत सहा वर्षं झाली आणि या सहा वर्षांत सारेचं नाव मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता तो अध्याय आला की मी पान उलटते.

आज साक्षीच्या वेळी एक बाई उभी राहिली. मागच्या वर्षी हेच वचन निघालं होतं, मुलाचा व्हिसा झाला, म्हणाली. सगळी मंडळी हालेलुया म्हणाली. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. मला तिच्याबद्दल काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

मी विश्वास ठेवते. हे वाक्य लिहून दहा मिनिटं त्याच्याकडे बघत बसले. कशावर ठेवते? तो आहे यावर. तो ऐकतो यावरही. पण तो मला देणार, यावर ठेवते का? आणि ते नसेल, तर बाकीच्याला विश्वास म्हणायचं का?

ऑपरेशन झाल्यापासून आईला वाचता येत नाही, म्हणून संध्याकाळी मीच तिच्या बायबलमधून वाचून दाखवते. आज ती म्हणाली, "तुझं वचन वाच. पण मागचं-पुढचंही वाच, नुसतं ते नको."

म्हणून अठ्ठाविसाव्या अध्यायापासून सुरुवात केली. तिथे हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा सगळ्या लोकांसमोर सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं, म्हणजे बॅबिलोनचं, जू मोडेल, मंदिरातली पात्रं परत येतील, नेलेले लोक परत येतील. यिर्मया त्याला म्हणतो, आमेन, परमेश्वर असंच करो. आधी आमेन म्हणतो! म्हणजे त्यालाही तेच हवं होतं. पण खरं ते नव्हतं. पुढच्या अध्यायात त्याने बाबेलात नेलेल्या लोकांना पाठवलेलं पत्र आहे: घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, त्या नगराच्या शांतीसाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षं लागतील. आणि या सत्तर वर्षांच्या लगेच पुढची ओळ म्हणजे माझं कार्ड.

सत्तर वर्षं. ते पत्र ज्यांना वाचून दाखवलं त्यांतले बहुतेक तिथेच मेले असणार. कार्डावर ही सत्तर वर्षांची दहावी ओळ कुणी छापत नाही. छापली असती तर परातीतून कुणी उचललीही नसती. मी त्या दिवशी तिथे असते तर हनन्याच्याच मागे गेले असते.

वाचताना थांबले ते मात्र या कशामुळे नाही. त्या ओळीच्या कडेला पेन्सिलीने तारीख लिहिली होती, आईच्या अक्षरात. १२ जून २००९. दादाला अॅडमिट केलं तो दिवस. तिच्या खाली आणखी तारखा, एकाखाली एक, जुलैपर्यंत. मग काही नाही. मग पुढच्या वर्षीची १२ जून. त्याच्या पुढच्याही.

मी इतका वेळ गप्प राहिले की आईला कळलंच. म्हणाली, "तारखा दिसल्या वाटतं."

मी विचारलं, खोडल्या का नाहीस? माझा आवाज चढला होता. दादा तर...

ती काळ्या चष्म्याआडून माझ्या दिशेला बघत होती. म्हणाली, "तारीख मागितल्याची आहे. मिळाल्याची नाही. त्या त्या दिवशी मला त्याला धरून उभं राहता आलं. ते खोटं कसं म्हणू?"

मग बराच वेळाने, जणू दुसरंच काही बोलत असल्यासारखी, पंडिता रमाबाईंचं बोलली. आईची आजी केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, म्हणून आमच्या घरात त्या नुसत्या "बाई". बाईंची मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. एकुलती एक. आणि बाई त्यानंतरही बायबलच्या मराठी भाषांतराला बसतच राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, त्या ते काम हातावेगळं करूनच. आई एवढंच म्हणाली, "कुठलं पान चालू असेल गं त्या दिवसांत?" आणि मला पुढे वाचायला सांगितलं.

बत्तिसावा अध्याय मी कधी नीट वाचलाच नव्हता. यरुशलेमेला वेढा पडलाय, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे आणि चुलतभाऊ हानामेल येऊन म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. शेत शत्रूच्या ताब्यातलं. तरी यिर्मया सतरा शेकेल रुपं, म्हणजे चांदी, तराजूत तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखत करतो. एक प्रत मोहरबंद, एक उघडी. दोन्ही मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. नगरच्या आमच्या सातबाराच्या भानगडी ज्यांनी बघितल्यात त्यांना हे सगळं किती ओळखीचं वाटेल.

आणि हे झाल्यावर तो प्रार्थना करतो, तीत विचारतो: हे बघ, वेढ्याचे मोर्चे भिंतीला भिडलेत, आणि तू मला शेत घे म्हणतोस? पैसे मोजून झाल्यावर विचारतो. सही झाल्यावर. मला वाटायचं आधी शंका फिटावी लागते, मगच विश्वास. इथे तोललेलं रुपं हानामेलच्या पदरात पडलंय आणि यिर्मयाची शंका तशीच उभी आहे. देव त्या शंकेवर रागावत नाही. उत्तर देतो, बरंच लांबलचक.

अब्राहामाचंही आज डोक्यात येत राहिलं. सगळा देश देऊ केलेल्या माणसाच्या हाती जन्मात आलं काय, तर चारशे शेकेलला घेतलेलं मकपेलाचं शेत, तेही सारेला पुरायला. सारेचं हे कुणी मला सांगत नाही. मला ते ऐकून उलट बरं वाटलं असतं.

पर्समधून कार्ड काढलं. तेहतिसावा अध्याय उद्या वाचायचाय, तिथे खूण म्हणून ठेवलं. तिरपी कड थोडी बाहेर आलीये.

मंगळवारी साडेदहाची वेळ दिलीये, फाईल घेऊन जायचंय. हे यायला तयार आहेत. आता आईच्या डोळ्यात थेंब टाकायला उठते, जागीच असेल ती.