आडवं होऊन घाट चढताना

त्र्यंबक रोडवर एखाद्या टपरीसमोर रिकंबंट सायकल उभी केली की दोन प्रश्न ठरलेले. "कितीला पडली?" आणि "पाठीचं काही दुखणं आहे का?" खुर्चीत रेलून, पाय पुढे ताणून जाणारा माणूस एक तर आजारी असणार किंवा आळशी, असा आपला सर्वसाधारण समज. चढावर ही चालते का, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. खरं म्हणजे विचारण्यासारखं तेवढंच आहे.

चालते. पण साध्या सायकलीवर चढाचा हुकमाचा पत्ता म्हणजे उठून उभं राहणं. गिअर जड पडला, दम संपला, खड्डा उशिरा दिसला, काहीही होवो, बूड उचललं आणि सगळं वजन पेडलवर टाकलं की निभावून जातं. रिकंबंटवर हा पत्ता वाटपातच आलेला नसतो. वजन सीटवर, ते तिथेच राहणार. हँडल ओढून जोर लावावा तर सायकल पुढे जाण्याऐवजी नागमोडी जाते, कारण इथे हातांकडे फक्त दिशेचं खातं आहे. त्यामुळे जे काही करायचं ते आधी करून ठेवावं लागतं. आयत्या वेळी सगळं जमवणाऱ्या माणसाने ही सायकल घ्यावी का, याचा जरा विचार करावा.

पहिली तयारी गिअरची. पुढे 22 दातांची चकती, मागे 34 दातांची आणि मागचं चाक 26 इंची असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 1.3 मीटर सरकते. मिनिटाला 70 फेरे मारले तर वेग ताशी साडेपाच किलोमीटर. नांदुरीहून सप्तशृंगीच्या गडाकडे सुमारे दहा किलोमीटरचा घाट आहे. तिथे या वेगात एखादा पायी निघालेला भाविक थोडा वेळ सोबत गप्पा मारत येऊ शकतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नये. वाईट वाटून जड गिअर टाकणारा माणूस दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरतो. साध्या सायकलीवर पेडल दाबायला आपलं वजन आणि हातांची ओढ असते, त्या जोराला मर्यादा आहे. इथे पाठीमागे सीटची भिंत मिळते आणि पाय स्वतःच्या वजनापेक्षा जास्त जोर लावू शकतात. तो सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर जातो. म्हणून चढावर 75 ते 90 फेऱ्यांच्या दरम्यान हलके पाय फिरवत राहायचं, आणि 70च्या खाली उतरायची वेळ आली की थांबून पाणी प्यायचं.

गुडघ्याचा दुसरा वैरी म्हणजे बूम, म्हणजे पेडल ज्यावर बसवलेली असतात ती पुढची नळी. टाच पेडलवर ठेवून पाय जवळपास सरळ झाला पाहिजे. बूम जवळ राहिली तर गुडघा पुढून दुखतो, लांब गेली तर मागून. एकदा जमली की पेंटने खूण करून ठेवावी. मित्राला चालवायला द्यायची म्हणून बूम एक सेंटिमीटर बाहेर काढली तर चेन दोन सेंटिमीटर कमी पडते, कारण ती वरूनही जाते आणि खालूनही येते. चेन तशीही भली लांब. साध्या सायकलीच्या अडीच-तीन चेन जोडून एक होते. वाटेत ती आयडलर नावाच्या दातेरी चाकावरून वळते. चढावर सगळी ओढ या चाकावर येत असल्याने करकर सुरू झाली की आधी तिथे बघावं. पावसाळ्यात चेन धुणं हे अर्ध्या दिवसाचं काम. त्यातल्या त्यात समाधान एवढंच की लांबीमुळे प्रत्येक कडी कमी वेळा दातांवरून जाते आणि चेन उशिरा झिजते.

आता चढावर थांबून पुन्हा निघणं. रिकंबंटचं खरं शिक्षण इथे आहे. ताशी साडेपाचच्या वेगात तोल सांभाळणं सरावाने येतं: खांदे सैल, नजर लांब, हँडल दोन बोटांत धरल्यासारखं. पण शून्यातून निघताना चूक फार लवकर उघडी पडते. दोन्ही ब्रेक दाबलेले, एक पाय जमिनीवर. दुसऱ्या पायाचं पेडल वर आणायचं आणि माथ्यावरून किंचित आपल्याकडे झुकलेलं ठेवायचं, म्हणजे ढकलायला पुढची सगळी लांबी मिळते. साध्या सायकलीच्या सवयीने ते पुढे कललेलं ठेवलं की अर्धा जोर निघण्याआधीच वाया गेला. सगळ्यात हलका गिअरही नको. त्यात अर्ध्या फेऱ्यात सायकल पाऊण मीटरही जात नाही, तेवढ्यात दुसरा पाय जमिनीवरून वर पेडलपर्यंत पोचत नाही. खालून दुसरा किंवा तिसरा गिअर बरा. पाठ सीटला टेकवून एक ठाम ढकल द्यायची, त्याच क्षणी ब्रेक सोडायचे, पाय उचलायचा. चढ फारच उभा असेल आणि मागून काही येत नसेल, तर थोडं तिरकं निघावं. आणि चेन फिरल्याशिवाय गिअर बदलत नाही, म्हणजे निघायचा गिअर थांबायच्या आधीच टाकलेला हवा. पेठ रस्त्यावरच्या सावळघाटात म्हशी आडव्या आल्या की हे आठवतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

घाटातली वळणंही सारखी नसतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उजवं वळण बाहेरून, लांबून आणि सौम्य मिळतं. डावं वळण आतून मिळतं आणि आतली कड जास्त उभी असते. भरीला आखूड रिकंबंटची एक खोड: पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे असतात, हँडल जास्त वळवलं की डावी टाच चाकाला घासते. सपाटीवर क्षणभर पाय थांबवला की झालं, चढावर पाय थांबले की सायकलही थांबते. म्हणून डाव्या वळणाच्या आधी आरशात बघून, मागे गाडी नसेल तर, थोडं बाहेरून वळण घ्यावं.

तीन चाकी रिकंबंटवाल्यांना तोलाची ही सगळी पंचाईत नाही. ते ताशी तीन किलोमीटरनेही चढतात, थांबतात, केळं खातात. मात्र त्यांना खड्डा चुकवताना तीन रेषांचा हिशेब करावा लागतो आणि उतारावर पार्किंग ब्रेक विसरून चालत नाही. शिवाय पाय पेडलवरून घसरून जमिनीला लागला तर पुढे जाणारी सायकल तो पाय आपल्याच खाली ओढते. पाय पेडलला बांधलेले हवेतच, क्लीटने (बुटाच्या तळाला लावलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) किंवा टाचेच्या पट्ट्याने.

क्लीट बुटाच्या चवड्याखाली न लावता थोडी टाचेकडे सरकवावी. पाय उंच राहत असल्याने तासाभरात बोटं बधिर होतात, त्यावर एवढा उपाय बहुतेकांना पुरतो.

खड्ड्यांबद्दल नाशिककरांना वेगळं सांगायला नको. 2027च्या सिंहस्थासाठी जे खणलं जातंय त्याने ज्ञानात भरच पडली आहे. पण रिकंबंटवर अडचण निराळी आहे. पुढच्या चाकासमोरची काही मीटर जमीन आपल्याच पायांमागे झाकलेली असते. खड्डा दहा-पंधरा मीटरवर दिसतो तेव्हाच मनात टिपून ठेवायचा. 20 इंची पुढचं चाक मोठ्या चाकापेक्षा खोल जातं आणि दणका थेट मणक्यात. रुंद टायर, पन्नास-साठ पीएसआय हवा, आणि स्पीडब्रेकरवर खांदे सीटला दाबून बूड किंचित सुटं करणं, एवढंच हाती आहे.

बुटकेपणाचाही विचार करावा लागतो. ट्रकच्या केबिनमधून आपण दिसत नाही असंच धरून चालावं. पाच-सहा फूट उंच काठीवर भडक झेंडा, दोन्ही बाजूंना आरसे, दिवसाही मागचा दिवा. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबक रोड दिंड्यांच्या पताकांनी भरतो, तेवढे दिवस हा झेंडा कोणाला विचित्र वाटत नाही. कुत्री मात्र बाराही महिने समोरासमोर, डोळ्याला डोळा भिडवून भेटतात.

मग इतकं सोसून ही चालवायची कशाला? आषाढात नाशिकहून त्र्यंबकला जाऊन बघावं. तीसेक किलोमीटरची डोळ्यांना न कळणारी चढण, समोरून पश्चिमेचा वारा. साधे सायकलवाले मान खाली घालून कुढत असतात आणि रिकंबंट त्याच वाऱ्याखालून निघून जाते. पाऊस तेवढा उताण्या तोंडावर येतो; हेल्मेटला झाप हवीच. हा वाऱ्याचा फायदा फार पूर्वीच सिद्ध झालाय. 1933 साली फ्रान्सिस फोर या दुसऱ्या फळीतल्या फ्रेंच सायकलपटूने शार्ल मोशेने बनवलेल्या अशा सायकलीवर एका तासात 45.055 किलोमीटर कापले आणि 1914पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलीची व्याख्या अशी केली की ही त्यात बसेना. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये पूर्ण केलेल्या 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका'त मात्र रिकंबंटना मज्जाव नाही, त्यांचा वेगळा गट असतो.

उतारावर वाऱ्याचा हाच फायदा अंगावर येऊ शकतो. वेग नकळत वाढतो. तोंडावर आपटण्याची भीती फार कमी, कारण वजन खाली आणि मागे आहे, पण लहान चाकाची रिम लवकर तापते. ब्रेक सतत घासत ठेवू नयेत. वळणाआधी जोरात दाबून वेग पाडावा, मग पूर्ण सोडून रिमला वारा लागू द्यावा. आखूड रिकंबंटचं मागचं चाक ब्रेक दाबल्यावर हलकं होतं, ते आधी घसरतं. लांब रिकंबंटचं, म्हणजे जिची पेडल पुढच्या चाकाच्या मागे असतात तिचं, पुढचं चाक हलकं, वाळूत ते दगा देतं, आणि पुढचं घसरलं की सावरणं नाही.

राहता राहिलं टायर. 20 इंची म्हणून दोन वेगळे आकार विकले जातात, 406 आणि 451 (टायर रिमवर जिथे बसतं तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये). एकाचं टायर दुसऱ्याला बसत नाही. 406 म्हणजे मुलांच्या सायकलीचाच आकार, त्याची ट्यूब तालुक्याच्या कुठल्याही दुकानात लटकलेली सापडते. सायकल घेण्याआधी टायरच्या कडेवरचा आकडा वाचावा. तो 451 असेल तर पेठच्या रस्त्याला दोन जादा ट्यूब आणि एखाद्या काळी-पिवळीवाल्याचा नंबर जवळ ठेवावा.